कोहळ्याला पहिली सुरी

आमच्या घरी भाजी निवडून झाली की वाटणी होते. गाजराची टोकं, काकडीची सालं, फुलकोबीचा दांडा हे कुत्र्याचं. कांद्याची सालं, केळ्याची सालं, चहाचा चोथा हे परसातल्या खड्ड्याचं. कुत्र्याला कांदा-लसूण चालत नाही, द्राक्षं तर बिलकूल नाहीत, हे मला तोंडपाठ आहे. नवऱ्याला काय चालत नाही ते मात्र तू कधी विचारलंच नाहीस, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.

हे अकोल्याला नोकरीत, मी अमरावतीत. शनिवारी येतात, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जातात. एकुलती एक लेक पुण्याला गेली तेव्हा घर खायला उठलं, म्हणून मी कुत्रा आणला. ह्यांनी त्याला पाहून एवढंच विचारलं, "हे काहून आणलं?" तेव्हापासून ह्यांच्या तोंडी तो "तुहं कुत्रं"च. तुह्या कुत्र्यानं चप्पल नेली. तुहं कुत्रं गाजर खाऊन राहिलं अन् मले पिठलं! आता पिठल्यात वाईट काय आहे, सांगा बरं.

खड्ड्यातलं खत असं काही झालं होतं, की पावसाळ्यात त्यातून न लावता कोहळ्याचा वेल आला. लाल भोपळ्याला आम्ही कोहळं म्हणतो. वेल जिन्यावर चढला आणि थंडीपर्यंत त्याला बादलीएवढं कोहळं धरलं. मी रोज त्याच्यावरून हात फिरवायची.

त्याच थंडीत बहिणीनं अचलपूरहून एस.टी.त टोपलंभर जांब पाठवले. पुण्याचे लोक ज्याला पेरू म्हणतात ते. कडक, हिरवे. मी आंघोळीला गेले आणि बाहेर येऊन पाहते, तर टोपलं आडवं नि कुत्रा उभा. अर्धे जांब त्याच्या पोटात! तेव्हापासून दोन दिवस तो परसात गोल गोल फिरायचा, बसायचा, माझ्याकडे बघायचा आणि तसाच उठायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं गाजर हुंगून सोडलं, तेव्हा मी त्याला घेऊन दवाखाना गाठला.

जनावरांच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "उकडलेलं कोहळं द्या. मीठ-तिखट काही नको. संध्याकाळपर्यंत मोकळा नाही झाला तर लगेच घेऊन या, मग थांबता येणार नाही."

बाजाराला नेमकी सुट्टी. म्हटलं असू दे, घरचं आहे की! घरी आले, कोहळं उतरवलं, पाटावर ठेवलं, सुरी घेतली, आणि हात आखडला.

कारण कोहळ्याला पहिली सुरी पुरुषानं लावायची. मग बाईनं हवं तेवढं चिरावं. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं मी! अंधश्रद्धेवर भाषणं ठोकली, टाळ्या घेतल्या. पण कोहळं मात्र शनिवारपर्यंत थांबायचं. आणि त्या दिवशी होता बुधवार.

समोरच्या काकांकडे धावले. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. "डाव्यानं लावतो ना," काका म्हणाले. काकू आतून ओरडल्या, "डाव्या हातानं? काही तरी काय!" त्यावर दोघांचं जे जुंपलं, ते मी तिथेच सोडून परत आले.

मग ह्यांना व्हिडिओ कॉल लावला.

"अहो, लवकर सुरी घ्या हातात."

"हापिसात आहो मी! कोनाले मारायचं आहे?"

सगळं सांगितलं. मग ह्यांनी टेबलावरची कागद कापायची सुरी उचलली आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "कोहळं जवळ आन. अजून. आता दिसून राहिलं." मी मोबाईल कोहळ्यासमोर धरला. ह्यांनी सुरी उगारली आणि नेटवर्क गेलं. पडद्यावर ह्यांचा हात तसाच वर, तोंड उघडं.

"लावली का तुमी? अहो! लागली का नाही?" मी पडद्याशी भांडत होते. परत फोन केला, तर बंद. माझं डोकंच सणकलं. म्हटलं, तुमचं काय जाते! तुमचं थोडीच कुत्रं आहे!

तेवढ्यात कुत्रा पाटाशी येऊन आडवा झाला आणि बारीक आवाजात कण्हला. मग मी पुढचंमागचं पाहिलं नाही. "माफ कर रे बाप्पा," म्हटलं आणि घातली सुरी. काही झालं नाही. आत केशरी गर नि बिया, दुसरं काय असणार!

उकडलं, कुस्करलं, हातानं भरवलं. पहिले चार घास कुरकुरत, मग वाटी चाटूनपुसून. आणि मग आमची वरात निघाली. तो पुढे, मी मागे, खड्ड्याभोवती फेऱ्यावर फेऱ्या. तीन वाजले, चार वाजले. काही नाही. डॉक्टरांकडे न्यायला रिक्षा सांगावी म्हणून चप्पल घातली, तर फाटक वाजलं.

हे! केस विस्कटलेले, घाम आलेला, हातात कागदात गुंडाळलेला कोयता.

"कुठं आहे कोहळं?"

"कापलं मी."

"तूनं?" हे कोयता घेऊन तसेच उभे. "मंग मी एस.टी.त उभ्यानं काहून आलो? फोनची बॅटरी बी गेली."

ह्यांचा आवाज ऐकून कुत्रा शेपूट हलवत उठला, दोन पावलं गेला, खड्ड्याच्या कडेला बसला आणि मोकळा झाला. चांगला मनासारखा! मी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी कोयता खाली ठेवून डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

"पण बुधवारी सुट्टी दिली कशी साहेबानं?"

"म्हनलं, पोरगं बिमार आहे."

"त्यांना माहीत आहे ना, आपल्याला एकच लेक आहे म्हणून?"

"तेच म्हने साहेब." हे खाली बसले आणि कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं. "मी म्हनलं, हे दुसरं. उशिरा झालं आमाले."