दोघांचा ग्रुप

आमच्या घरात चार वर्षं एक समज होता. माझी थोरली बहीण, अक्का, हिला माझ्या नातीच्या जन्माचा आनंद झाला नाही. तिने साधी चौकशी केली नाही आणि बारशालाही आली नाही. हा समज खोटा आहे. तो मी पसरू दिला. अक्का आता नाही, म्हणून हे लिहितो.

अक्का धुळ्याला दिलेली, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. कॉलेजची चार वर्षं मी तिच्या घरी काढली. भाऊजी गेले, भाचा नोकरीसाठी सुरतेला गेला, तेव्हापासून ती एकटीच राहायची. भाच्याने तिला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला तेव्हा ती पंचाहत्तरीच्या पुढे होती. चौथी शिकलेली, अक्षराखाली बोट ठेवून वाचणारी बाई. ती हे शिकेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. पण तिला माइकची खूण सापडली आणि तिचं काम भागलं. खूण दाबून धरायची आणि बोलायचं.

घराण्याचा ग्रुप मी काढला होता. मी जळगावच्या पिंप्राळ्यात निवृत्त होऊन बसलो होतो, ॲडमिन मीच. मुलाचं लग्न झाल्यावर पुण्याचे व्याहीसुद्धा त्यात आले. ते आल्यापासून मी ग्रुपवर पुस्तकी मराठीत लिहू लागलो. अक्काला असं काही सुचलं नाही. पहाटे साडेपाचला तिचा आवाज यायचा, मागे भाकरी थापल्याचा थपथप आवाज.

"राम राम मंडळी! उठनात का बठ्ठा?"

सगळे उठलेत का, असं विचारून झालं की चार मिनिटं अहिराणी. कोणाच्या गुडघ्याला कोणतं तेल, कोणाच्या घरी पाळणा का हलत नाही, सगळं सगळ्यांसमोर. सूनबाई हसून म्हणायची, "बाबा, आत्यांना सांगा ना, हे मला एकटीला विचारा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे मी तिचंच नाव पुढे केलं.

एका सकाळी अक्का म्हणाली, "भाऊ धुळाले उना तवय शनवारे शनवार रडे. मी हात धरीसन कॉलेजना फाटकपावत लई जाऊ." व्याह्यांनी हसरे चेहरे टाकले. विहीणबाईंनी लिहिलं, "अय्या, साहेब रडायचे?" कचेरीत माझ्या आवाजाने शिपाई उभे राहायचे, आणि मी इथे सोफ्यावर बसून कानापर्यंत तापलो होतो.

आठवड्याने मी एसटीने धुळ्याला गेलो. म्हटलं, "अक्का, तुझा फोन अडकतोय. दे, नीट करून देतो." तिने चहा टाकला तेवढ्यात मी तिच्याच फोनवरून तिला घराण्याच्या ग्रुपमधून बाहेर काढलं आणि तो ग्रुप तिच्या फोनमधून पुसला. मग नवीन ग्रुप केला. तेच नाव, कुलदेवीचा तोच फोटो. माणसं दोनच, ती आणि मी. ती चहा घेऊन आली आणि फोन कपाळाला लावून म्हणाली, "भाऊ, तू व्हता म्हणीसन."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला आवाज आला. तो मी एकट्याने ऐकला.

बायकोला सांगितलं, अक्काच्या बोलण्याचा सुनेला त्रास होतो म्हणून बाहेर काढलं, तू बोलू नको. ती बोलली नाही. बाकीच्यांना वाटलं अक्काचा उत्साह संपला. पहिले काही दिवस मी उत्तरं देत होतो, हात जोडल्याची खूण वगैरे. अक्का विचारायची, "कोठे गयात बठ्ठा? कोनी बोलत नही." मी फोन करून सांगायचो, "कामात असतात गं."

वर्षाने नात झाली. मला मुलगी नाही, म्हणजे नातीला सख्खी आत्या नाही. अशा वेळी कानात नाव सांगायचा मान आजोबांच्या बहिणीचा. बातमी मीच फोनवर सांगितली. त्यानंतर त्या दोघांच्या ग्रुपवर आठ दिवस अक्का बोलत होती. सूनबाईने डिंकाचे लाडू कसे खायचे, बाळाला शेक कसा द्यायचा. एक पाळणा गायली, मध्येच दम लागला, थांबली, पुन्हा गायली. आणि एकदा म्हणाली, "आत्या नही तं काय व्हयनं? मी शे ना." मग आवाज अगदी खाली आणून "कुर्रर्र" केलं आणि तिने शोधलेलं नाव सांगितलं.

बारसं जळगावला ठरलं. ती आली असती तर बायकांत बसली असती, कोणी म्हणालं असतं, "आत्या, तुम्ही हल्ली ग्रुपवर दिसत नाही," आणि सगळं उघडं पडलं असतं. मी तिला सांगितलं, "बारसं पुण्याला आहे, घरातल्या घरात. तुला प्रवास झेपायचा नाही." ती म्हणाली, "बरं." तेवढंच. सुनेला सांगितलं, अक्काला जमत नाही म्हणते. नाव सुनेच्या मावसबहिणीने ठेवलं. पाळण्याभोवती कोणीतरी म्हणालं, "इतकी कसली घमेंड म्हातारीला?" मी पेढे वाटत होतो, वाटत राहिलो.

त्यानंतर मी तो ग्रुप ऐकायचा सोडला. आवाज बंद करून खाली ढकलून दिला. दीड वर्षाने अक्का झोपेतच गेली. दहाव्याला सूनबाई आली होती, पण तिने डोळ्यांतून पाणी काढलं नाही, आणि तिचं काय चुकलं?

पुढे काही महिन्यांनी, अक्काचा नंबर बंद पडल्यावर, एका दुपारी त्या ग्रुपमध्ये मधोमध करडी ओळ दिसली. "अक्का ग्रुपमधून बाहेर पडल्या." मेलेलं माणूस उठून दाराबाहेर जावं तशी ती ओळ होती. कंपनी बंद पडलेली खाती अशी काढून टाकते, हे मला मुलाने नंतर सांगितलं. जेवणावर वासना राहिली नाही. पहाटे साडेपाचला जाग यायची, आणि फोन उशाशी गप्प असायचा.

गेल्या महिन्यात मुलगा-सून सुट्टीला आले. मी सुनेला बाहेरच्या खोलीत बोलावलं आणि तो पाळणा लावला. ती उभीच राहिली.

"हे कधीचं?"

"तू बाळंतीण होतीस तेव्हाचं."

"मग मला का नाही आलं?"

मी सांगितलं. जसं वर लिहिलं तसंच. नात तिथेच खेळत होती. पुढचा आवाज लागला, "कुर्रर्र" आलं, तशी ती कान झाकून खिदळली. "आई, कोण आहे आत?"

"तुझी आजी आहे," सूनबाई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, हे ग्रुपवर टाका. आणि काय झालं तेही तुमच्या हाताने लिहा. मी लिहिणार नाही."

मी दोन्ही आवाज टाकले, खाली चार ओळी लिहिल्या. बायको दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी सुरतेहून भाच्याचा फोन आला.

"मामा, आईला माहीत होतं."

मी विचारलं, "कधीपासून?"

"बारशाचे फोटो मला आले, तिला का नाहीत म्हणून दिवाळीत तिचा फोन बघितला. दोनच माणसं. मी तुम्हाला फोन लावत होतो, तिने हातातून काढून घेतला. म्हणाली, भाऊले काही बोलू नको. तो ऐकस, बस."

मी म्हटलं, "बरं केलंस, सांगितलंस."

"अजून ऐका. मीच तिला शिकवलं होतं, समोरच्याने ऐकलं की हा माइक निळा होतो. रोज सकाळी चष्मा लावून बघायची ती. मी विचारलं, झाला का निळा? तर म्हणायची, व्हई जाई. होईल."

बारशानंतरचे तिचे आवाज मी आता ऐकतो आहे. पहाटे साडेपाचला, रोज एक. जास्त झेपत नाहीत. दिवाळीपासून त्यांत "मंडळी" नाही. "भाऊ," अशी सुरुवात आणि मागे भाकरीची थपथप. परवाच्या आवाजात ती म्हणाली, "भाऊ, तू तरी ऐकस ना?" आणि उत्तराची वाट बघितल्यासारखी थांबली. तेवढा वेळ नुसती थपथप ऐकू येत राहिली.

ऐकून झालं की माइक निळा होतो. माझ्या फोनवर.