सालीखालचं रेशीम

संग्रहालयाच्या कीटक विभागात बाई एकतीस वर्षं चिठ्ठ्या लिहीत होत्या. कुपीत किडा, किड्यासोबत चिठ्ठी, चिठ्ठीवर बाईंचं मोत्यासारखं अक्षर. किड्यांची नावं ठरवणारे साहेब लोक वेगळे. बाईंच्या कामाला मात्र नाव ठेवायला कुणाला जागा नव्हती.

पाण्याच्या टाकीमागे जुन्या झाडांची रांग होती. तिथे डबा खाताना बाईंनी एकदा सुटलेली साल सहज उचलली. खाली पांढऱ्या रेशमाचे बोगदे. आत बोटाच्या पेरापेक्षाही लहान तपकिरी किडे, पुढच्या पायांनी धागा काढणारे, तितक्याच चपळाईने मागे पळणारे. एक मादी अंड्यांवर ठाण मांडून बसलेली. बाई डबा विसरल्या.

"या सगळ्या माद्या," साहेब भिंगातून बघत म्हणाले. "माद्या इथून तिथून सारख्याच. कूळ ठरतं नराच्या शेपटीच्या टोकावरून. नर आणा."

नवरा हसला. "घरात जाळी लोंबतायत, आणि तू बाहेरची जमवतेस!" पण बरण्यांच्या झाकणांना भोकं त्यानेच पाडून दिली.

चार वर्षं बाईंनी बरण्यांत साल, वाळका पाला, दगडफूल घालून ते किडे जगवले. अखेर एक नर मोठा झाला. साहेबांनी तो भिंगाखाली धरला, उलटसुलट करून पुन्हा पुन्हा पाहिला.

"बाई, हे अगदी छोटं कूळ आहे. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जाती. ही त्यांतली नसावी, नवी असावी. पण एका नरावर छापता येत नाही. आणखी दोन-तीन हवेत."

त्याच आठवड्यात नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. बाईंनी रजा टाकली. त्याला कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं, यात दहा महिने गेले.

परतल्या तेव्हा साहेबांची बदली झाली होती. बरण्या कुणीतरी धुऊन पालथ्या घातल्या होत्या. नर ठेवलेल्या कुपीचं बूच सैल पडून स्पिरिट उडून गेलं होतं. चिमट्याने उचलताच नराच्या शेपटीचा भुगा झाला. बाई तशाच टाकीकडे गेल्या. झाडांच्या जागी तारेचं कुंपण होतं, आत खडी पसरलेली.

नवे साहेब सज्जन होते. "कुपीतल्या माद्या आहेत ना? लावून टाका एखाद्या कुळात."

"नाही लावता येत, साहेब. नराशिवाय पुरावा नाही."

"अहो, कोण बघतंय?"

बाईंनी चिठ्ठी लिहिली: कूळ ठरलं नाही. सुटलेल्या सालीखाली, रेशमी बोगद्यांत. जागा आता उरली नाही. माद्यांची कुपी खणात सरकवताना त्यांच्या लक्षात आलं, हा खण आता कुणी उघडणार नाही.

घरी नवऱ्याने जड जिभेने विचारलं, "न... नर?"

"गेला. झाडंही गेली."

दुखण्यापासून त्याला रडू आवरत नसे. तो रडू लागला. बाईंनी त्याचं तोंड पुसलं, चमचा पुढे केला. तो तोंड उघडेना. चमचा तसाच अधांतरी धरून बाई बसून राहिल्या.