मालिकांतली सासू प्यो पिल-सुन

सोलमधल्या मांगवोनच्या बाजारातल्या मासेवालीने बांगडे द्यायला नकार दिला, त्या सकाळी प्यो पिल-सुनला पहिल्यांदा वाटलं, की आपण खरोखरीच नटी झालो.

मासेवालीने सुरी फळीवर आडवी ठेवली आणि म्हणाली, "त्या गरीब पोरीच्या तोंडावर पाणी फेकताना हात कसा उचलला हो तुमचा? जा, दुसरीकडे बघा."

पिल-सुनने समजावून पाहिलं. पाणी कोमट होतं, आणि त्या पोरीला नंतर तिनेच टॉवेल दिला होता.

"आधी तोंडावर पाणी, मग टॉवेल," मासेवाली शेजारच्या कोबीवालीला म्हणाली. "मोठ्या घरच्या रीती."

पिल-सुन रिकामी पिशवी घेऊन घरी आली. नवऱ्याला त्या दिवशी मुळ्याच्या रश्श्यावर भागवावं लागलं. पण ती मात्र दिवसभर मनातून खूश होती.

तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती, आणि त्याआधी बरीच वर्षं टीव्हीवर दिसूनही तिला बाजारात कुणी ओळखलं नव्हतं. ती मूळची दूरच्या कुनसान बंदराकडची. सोलला आली ती केसांचे टोप बनवण्याच्या कारखान्यात. खोलीतल्या एका मैत्रिणीने तिला यओइदोला, टीव्हीवाल्यांच्या वस्तीत, नेलं. तिथे ऐतिहासिक मालिकेसाठी दासी हव्या होत्या. राजवाड्याच्या अंगणात मान खाली घालून उभं राहायचं, एवढंच काम. बाकीच्या पोरी चुळबुळ करायच्या, पिल-सुन हलायची नाही. कारखान्यात दिवसभर मान खाली घालून बसायची सवयच होती. तिथला माणूस म्हणाला, "ही बरी आहे, हिला पुन्हा बोलवा."

मग तिला बोलायला मिळालं. पहिलं वाक्य होतं, "हो, आई." पुढची कित्येक वर्षं ती वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या सासवांना हेच म्हणत राहिली. कधी थोरली सून, कधी धाकटी, कधी नवरा गेलेली. त्या सगळ्या बायका एकाच पद्धतीने जगायच्या. सगळ्यांच्या आधी उठायच्या, जेवणाचा चौरंग उचलून आणायच्या, बंद दाराबाहेर गुडघे टेकून माफी मागायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या. शेवटच्या भागात सासू अंथरुणाला खिळायची, सून तिचं सगळं करायची, आणि सासू तिचा हात हातात घेऊन म्हणायची, मी तुला ओळखलं नाही गं. त्या दिवशी गल्लीतल्या घराघरांतून नाक शिंकरल्याचे आवाज यायचे.

पिल-सुनची स्वतःची सासूही त्या मालिका बघायची. पिल-सुन कामावरून धावतपळत घरी पोहोचायची, तर म्हातारी टीव्हीकडे बोट दाखवून म्हणायची, "बघ, कशी गुणाची सून आहे."

"आई, ती मीच आहे."

"ती मालिकेतली. तू आत्ता उगवतेयस, आणि भात अजून लावायचाय."

म्हातारी एका दुपारी लसूण सोलता सोलता गेली. हात हातात घेणं नाही, एक शब्द नाही. पिल-सुनने तोवर इतक्या सासवांच्या तोंडून ते वाक्य ऐकलं होतं, की या खऱ्या सासूकडूनही कधीतरी ते येईल असं ती धरूनच चालली होती. सुतक संपलं, पाहुणे पांगले, आणि राहिलेला लसूण तिने सोलून टाकला.

त्यानंतर लवकरच तिला स्वतःला सासूची भूमिका मिळाली. दिग्दर्शक म्हणाला, "बाई, आता तुमचा चेहरा सासूचा झाला." मग रेशमी पोशाख आले, गळ्यात मोती आले, बसायला प्रशस्त सोफा आला. नायिकाही बदलल्या होत्या. आता त्या गरीब असायच्या, पण जिभेच्या तिखट. श्रीमंताचा मुलगा त्यांना मनगट धरून ओढत न्यायचा आणि बघणाऱ्या पोरींना ते प्रेम वाटायचं. एखादीला मधेच असाध्य रोग व्हायचा. पिल-सुनचं काम एकच, त्या दोघांच्या मधे उभं राहायचं. "माझ्या मुलाचा नाद सोड," असं ती इतक्या पोरींना म्हणाली, की घरात कणीक मळतानाही ते तोंडातून निघून जायचं.

लोक तिला शिव्या घालत, पण तिला त्या बायकांचा राग येत नसे. तिला वाटायचं, या सगळ्या पूर्वीच्या त्याच, स्वयंपाकघरात रडणाऱ्या सुना आहेत. दिवाणखान्यात येऊन बसल्या, पण बसल्यावर दुसरं काय करायचं ते त्यांना कुणी दाखवलंच नाही.

अशी बरीच वर्षं गेल्यावर तिच्या मुलाचं, क्यू-सिकचं, लग्न झालं. सून हे-रिम दात बनवायच्या एका छोट्या कारखान्यात कामाला होती. कवळ्या, टोप्या असलं नाजूक काम. पहिल्या चुसोकला, सुगीच्या सणाला, दोघी तांदळाच्या पिठाचे सोंगप्योन वळत बसल्या होत्या. पिल-सुनला तहान लागली, तिने पाण्याचा पेला उचलला, आणि समोर बसलेल्या हे-रिमने डोळे मिटून तोंड बाजूला केलं.

पेला हवेतच राहिला.

"अगं, प्यायला घेतलाय," पिल-सुन म्हणाली.

हे-रिम कानापर्यंत लाल झाली. "माफ करा, आई. लहानपणापासून बघतेय ना तुम्हाला."

पिल-सुन हसली खरी, पण त्यानंतर हे-रिमसमोर ती पाणी जरा जपूनच प्यायची.

दोघींचं जमलं ते संवादांमुळे. पिल-सुनला पाठांतराला समोर कुणीतरी लागायचं. क्यू-सिक दोन ओळी वाचून जांभई द्यायचा, नवऱ्याला चष्मा सापडायचा नाही. हे-रिम मात्र वाचायची. पिठात बुडवलेला दोडका तव्यावर उलटता उलटता ती सपाट आवाजात म्हणायची, "माझं त्यांच्यावर प्रेम आहे, मी त्यांना सोडणार नाही," आणि पिल-सुन बेसिनपाशी उभी राहून तिला घराबाहेर काढायची. मग दोघी जेवायला बसायच्या.

क्यू-सिक वाईट नव्हता. जेवल्यावर ताट तिथंच सोडून उठायचा, तसंच बाकीचंही सगळं तिथंच सोडून उठायचा. हे-रिमने बरीच वर्षं ते उचललं. मग तिला बुसानमध्ये मोठ्या जागी काम मिळालं, स्वतःच्या हाताखाली माणसं असलेलं. क्यू-सिक म्हणाला, "विचार आईला. ती जाऊ देते का बघ."

पिल-सुन तेव्हा न्हाणीघराच्या फरशीवर बसून लोणच्यासाठी कोबीला मीठ लावत होती. हे-रिम दारात उभी राहिली. "आई, मी जाऊ का?"

पिल-सुनला कळलं, की ही नुसतं बुसानला जायचं विचारत नाही. तिचे डोळे भरून आले, म्हणून तिने तोंड कोबीकडे वळवलं आणि म्हणाली, "जा."

हे-रिम गेली. वर्षभरात काडीमोडही झाला. दर चुसोकला तिच्याकडून नासपतीची पेटी यायची, वर व्यवस्थित नाव घातलेली. पिल-सुन फोन करून आभार मानायची, हे-रिम "तब्येत सांभाळा" म्हणायची, आणि फोन संपायचा. ती भेटायला कधी आली नाही. पिल-सुनला वाटायचं, कामात असेल.

दरम्यान मालिका पुन्हा बदलल्या. नायिका आता वकील होत्या, पोलिसात होत्या, घटस्फोट घेऊन गावी चहाकॉफीचं दुकान टाकत होत्या. एका चित्रीकरणात तरुण नटाने सवयीने नायिकेचं मनगट पकडलं, तर दिग्दर्शिकेने काम थांबवलं आणि म्हणाली, "आधी तिला विचार, येतेस का म्हणून." पिल-सुन कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. आपल्या आयुष्यात आपल्याला कुणी असं कधी विचारलं का, ते ती आठवत बसली. तिला काही आठवलं नाही. सासूची कामं कमी झाली. नायिका लग्नच करत नव्हत्या, तर सासू आणायची कुठून? नवरा वारला, गुडघा धरला, आणि ती बहुतेक दिवस घरी असायची.

तेवढ्यात ओ दा-ऊम नावाच्या तरुण लेखिकेने तिला बोलावलं. भूमिका सासूचीच होती, पण ही सासू सुनेला म्हणते, तू या घरातून निघ आणि आपलं आयुष्य जग. त्यासाठी पानभर बोलणं लिहिलेलं होतं.

पिल-सुनने वाचलं आणि म्हणाली, "पोरी, एवढं कोण बोलतं? 'जा' म्हटलं की झालं."

"नुसतं 'जा' म्हटलं तर तिला काय कळेल, बाई?"

"कळतं."

दा-ऊम जरा घुटमळली. "दुसऱ्या कुणी म्हटलं तर कळेलही. पण तुमच्या तोंडचं 'जा' आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, बाई. ते दाराबाहेर काढतानाचंच असतं."

पिल-सुनला ते लागलं. कागद घेऊन घरी आली. पानभर बोलणं पाठ होईना. आरशासमोर म्हणून झालं, भांडी घासताना म्हणून झालं. मधल्याच ओळीला गाडी अडायची. शेवटी तिने बुसानला फोन लावला. "हे-रिम, एक काम होतं. पूर्वीसारखं वाचशील का माझ्याबरोबर?"

मग हे-रिम म्हणाली, "रविवारी या."

हे-रिमचं घर चढावर होतं. केस पांढरे व्हायला लागले होते, आवाज तोच सपाट. तिने भात वाढला, तळलेला बांगडा वाढला, आणि जेवण झाल्यावर चष्मा लावून कागद हातात घेतले. सुनेचं वाक्य तिने वाचलं, "आई, मी गेले तर तुम्ही मला माफ कराल का?"

पिल-सुन म्हणू लागली. "माफी कशाची मागतेस? या घरात तू जेवढी वर्षं वाकलीस, त्यातली निम्मी तर मी मोजत होते. तू जा. मी तुला घालवत नाहीये. मला जायला जमलं नाही, म्हणून तुला..."

पुढचं आठवेना. तिने हे-रिमकडे पाहिलं, ओळ सांगेल म्हणून. हे-रिमने कागद टेबलावर ठेवले होते.

"हे त्या दिवशी का नाही म्हणालात?"

"कुठल्या दिवशी?"

"कोबीच्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'जा' म्हणालात. मी रेल्वेत बसून बुसानपर्यंत विचार करत होते, की आपलं काय चुकलं. इतकी वर्षं मी धरून चालले, की तुम्ही मला हाकललंत."

"हाकललं? अगं, मी तुला जायला सांगितलं."

"तेच ना."

"रडू येत होतं म्हणून तोंड फिरवलं, बाई. हात मिठाने भरलेले, डोळे पुसायचे कशाने?"

हे-रिम बघतच राहिली. मग म्हणाली, "मला आवाज नेहमीचाच वाटला. टीव्हीतला."

"माझ्याकडे दुसरा नव्हता," पिल-सुन म्हणाली.

खालून बंदराकडचा भोंगा ऐकू आला. हे-रिमने उठून नासपती कापली, एक फोड पिल-सुनच्या हातात दिली आणि कागद पुन्हा उचलले. "चला. 'म्हणून तुला' च्या पुढे. 'म्हणून तुला इथे अडकवून ठेवणार नाही.' म्हणा."

पिल-सुनने म्हटलं. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. परतीच्या गाडीत तिला ती ओळ एकदाही अडली नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी तिने दा-ऊमचं एकही वाक्य गाळलं नाही. प्रक्षेपणात त्यातलं निम्मं कापलेलं होतं, त्या जागी नायिकेचा चेहरा दाखवला होता. पिल-सुनला थोडं वाईट वाटलं. हे-रिमने मालिका संपताच फोन केला आणि म्हणाली, "कापलं मेल्यांनी. पण मला सगळं माहिताय." पुढच्या चुसोकला नासपतीची पेटी आली नाही, ती स्वतःच आली. क्यू-सिकही होता. त्याने जेवल्यावर स्वतःचं ताट बेसिनपर्यंत नेलं, घासलं मात्र नाही.

आता पिल-सुनला पुन्हा कामं मिळतात, लहान लहान. पाठांतर फोनवर चालतं. परवा नवीन कागद आले. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका म्हातारीची भूमिका आहे.

"मुलं किती तिला?" हे-रिमने विचारलं.

"नाहीत."

"मग ती कुणाची कोण? आई, सासू, आजी?"

"कुणाचीच कुणी नाही. दुकान आहे, आणि ती आहे."

"मग बोलते कशाबद्दल?"

"तेच मला कळत नाहीये," पिल-सुनने चष्मा पुसला. "तू गिऱ्हाइकाचं वाच. बघू काय म्हणते ती."