पिळाचा आकडा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आणि प्रज्ञाजवळ – माझ्या लेकीजवळ – तर नाहीच नाही. काल नातीच्या रिमोटवरच्या विमानाचा पंखा मोडला. "आजी, दहा इंची कुठलाही चालेल ना गं?" म्हणाली, आणि दाताखाली खडा यावा तसं झालं मला. कुठलाही? मी एकदा दिला होता की 'कुठलाही' – चांगला निवडून!

तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, एका सेठच्या दुकानात मी काउंटर सांभाळायचे. बॅटरीवरची खेळातली विमानं, त्यांच्या मोटारी, त्यांचे पंखे. पन्नाशीची मी – केसांना मेंदी, आणि तोरा असा की सेठसुद्धा मला विचारून चहा मागवायचा. पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला लांबीचा, दुसरा पिळाचा – पातं किती पिळलंय त्याचा. लांबी नजरेत भरते, पीळ कुणी बघत नाही. पण पीळ जास्त झाला की मोटारीवर ताण येतो, ती तापते, जळते. गिऱ्हाइकांना हे सांगून सांगून माझा घसा बसायचा.

त्याच सुमारास प्रज्ञाला बघायला बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून पाहुणे आले. मुलगा मिलिंद, आमच्याच दुकानाचं गिऱ्हाईक. मला केवढा आनंद! मूर्ख बाई, पोह्यांवर खोबरं दोनदा पेरलं मी. मुलाच्या बापानं प्रज्ञाला उभं केलं, चालवलं, आणि घास चावत म्हणाला, "मुलगी छान आहे हो, पण उंचीला मार खाते. सोबत एक स्टूल द्या म्हणजे झालं." आणि हसला. प्रज्ञा तिथंच उभी – हातात ट्रे. आणि मिलिंद? खाली मान. माझेच पोहे खात होता.

स्थळ तिथंच मोडलं. काही दिवसांनी मिलिंद दुकानात आला. "मावशी, दहा बाय सहा द्या ना. रविवारी बाबा पहिल्यांदाच माझं विमान बघायला येतायत."

पहिल्यांदाच! त्याचा जीव त्या रविवारात अडकलाय, हे मला दिसत होतं – म्हणून तर. मी दहा बाय दहा काढला. लांबी तीच, पीळ भरपूर. पाकिटात घालून पिन मारली. त्यानं उघडूनही पाहिलं नाही – मावशीनं दिलाय ना. मी स्वतःला समजत काय होते? न्यायाधीश! प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली. होय, स्टुलावरच.

बदलापूरच्या माळावर विमान वर गेलं, मोटारीतून धूर निघाला, आणि सगळं बांधावर आपटलं. कुणाला लागलं नाही. मला हवा होता बापाचा पडलेला चेहरा – आणि बाप तर खूश! "पोरखेळ आहे, सांगत नव्हतो?" म्हणत त्यानं मुलाचं उरलंसुरलं सामान भंगारात घातलं. माझ्या सुडाचा पेढा त्यानंच खाल्ला.

हे सांगितलं मिलिंदनंच. मोडकं पातं त्यानं काउंटरवर ठेवलं – आकडे वर येतील असं. त्यांच्याकडे बोटही दाखवलं नाही. म्हणाला, "मावशी, त्या दिवशी तुमच्या घरी मी बोलायला हवं होतं."

आणि मी काय म्हणाले?

"दुसरा देऊ का?"

पंखा तर रागात दिला होता. पण हे – हे मी थंड डोक्यानं म्हणाले. तो गेला. पुन्हा आला नाही. विमान पुन्हा उडवलं नाही, असं सेठ म्हणायचा.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे जळलं त्या पोराचं; पीळ माझा, तो आहे तिथंच आहे. त्या बापाचं स्टूल आठवलं की आजही हात दहा बाय दहाकडेच जातो. खोटं कशाला बोलू?

नातीला म्हटलं, "दुसरा आकडा वाच आधी."

"का गं?"

मी चष्मा पुसत बसले.