आऱ्या सुटल्यावर

सन सत्तरच्या सुमाराची गोष्ट. शाहूपुरीतल्या आमच्या घरामागे, धुण्याच्या दगडापलीकडे दोन वाफ्यांची जागा होती. उजवा हात लुळा पडल्यावर सासरे हातकणंगल्याकडचं शेत धाकट्या भावाच्या हवाली करून आमच्याकडे आले आणि त्या जागेत त्यांनी भुईमूग लावला. डाव्या हाताने एकेक शेंग फोडून बी निवडलं. पीक धरलं तर दिवाळीनंतर गावी परतायचं आणि पुन्हा शेत बघायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. "बघू, हात चालतोय का अजून," म्हणाले.

मी शहरात वाढलेली शाळामास्तरीण. मला पसारा खपत नाही, ना घरात ना वाफ्यात. श्रावणात मामंजी चार दिवस गावी गेले, तेव्हा रोपं पिवळ्या फुलांनी भरली होती आणि मध्ये गवत माजलं होतं. रविवारी मी खुरपं घेऊन बसले आणि माती खोल हलवून वाफे लख्ख केले. फुलांखालून जमिनीत शिरलेले दोऱ्यासारखे कोंब आडवे येत होते, तेही उपटले. वर स्वतःवरच खूश.

सोमवारी दूध घालणारी बाई वाफ्यापाशी थबकली. "बाई, आऱ्या सुटल्यावर खुरपं घातलंसा व्हय?"

आऱ्या म्हणजे काय, तेही मला तिलाच विचारावं लागलं. तिने एक तुटका कोंब उचलून दाखवला. "हीच की. ही मातीत जाती, मग टोकाला शेंग धरती. आता कुठनं धरंल?"

ती गेल्यावर मी माती थोपटली, उचकटलेले कोंब बोटांनी आत दाबले, पाणी मारलं. संध्याकाळी मामंजी आले ते थेट मागच्या दारी.

"गवत काढलं जणू. वरवरच न्हवं?"

"वरवरच," मी म्हणाले.

पुढचे दोन महिने जीव टांगणीला. रोपं वरून हिरवीगार, त्यामुळे आणखीच. मामंजी शेजाऱ्यांना सांगत, दसऱ्याला ओल्या शेंगा खायला या. खरं काय ते ओठावर येई आणि मी गिळून टाकी. भित्री होते, दुसरं काय.

दसऱ्याआधी त्यांनी पहिलं रोप उपटलं. तीन शेंगा, त्यातल्या दोन पोचट. दुसरं तसंच. तिसऱ्याला एकही नाही. चौथ्यापाशी ते थांबले. आता विचारतील, विचारलं की सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

"बियाणं म्याच निवडलंतं," ते वाफ्याकडे बघत म्हणाले. "हात गेलाच, आता पारखबी गेली. भावाला कळवा, शेत त्यानंच बघावं. मी काय आता येत न्हाय."

त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून पत्र मलाच लिहायचं होतं. त्यांनी सांगितलं ते शब्द न् शब्द मी माझ्या वळणदार अक्षरात उतरवलं आणि शाळेला जाताना पोस्टात टाकलं.