ज्यांना कबर नाही

तुमच्या मेलेल्या माणसासाठी कुणी देवाकडे माफी मागितली, तर त्याला तुम्ही माया म्हणाल की अपमान?

आमच्या घरात यावरून भांडण झालं होतं. आम्ही इंदूरचे मराठी कॅथलिक. आई रोज संध्याकाळी हातात जपमाळ घेऊन रोझरीची प्रार्थना म्हणायची. वडील कापड मिलमध्ये विणकर, युनियनची पत्रकं लिहिणारे. चर्च त्यांनी कधीच सोडलं होतं. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवरच. मग मिल बंद पडली. देशाची दारं जगाला उघडली म्हणे. आमच्या मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. शेजारच्या खोलीतल्या कामगाराने विष घेतलं. वडिलांनी पत्रकात त्याला शहीद म्हटलं, आईने रोझरीत त्याचं नाव घेऊन देवाकडे माफी मागितली.

"त्याच्यासाठी माफी कशाला?" वडील भडकले. "पाप मालकाने केलं. मालकासाठी कर प्रार्थना."

"मालक जिवंत आहे, त्याला अजून वेळ आहे," आई म्हणाली. "मेलेल्याला स्वतःसाठी काही करता येत नाही. ते मागे राहिलेल्यांनीच करायचं असतं."

त्या कामगाराची बायको दारातच उभी होती. हिंदू, आमच्यासारखीच मराठी. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही त्यांचा फोटो छापला, बहुत मेहरबानी. पण ते रोज स्वप्नात तहानलेले येतात. त्यांना काय पत्रक वाचायला देऊ?"



नोव्हेंबरच्या दोन तारखेला आमच्यात सगळ्या मृतांचा दिवस असतो. कबरींना चुना लावतात, झेंडू वाहतात, मेणबत्त्या लावतात. ज्यांची कबर दूरगावी आहे किंवा नाहीच, त्यांची मेणबत्ती कबरस्तानाच्या मधोमध मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी लागते. आई त्या कामगाराच्या बायकोला तिथे घेऊन गेली. तिच्या नवऱ्याची राख कधीच नदीत गेली होती, तरी तिने पदराचा आडोसा करून मेणबत्ती पेटवली. फादर हिंदीत म्हणाले, "हे प्रभु, इन्हें अनंत विश्राम दे." कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभे असलेले वडील मला म्हणाले, "विश्राम तर मालकाने आधीच दिलाय. सगळ्यांना."

मिल उघडली नाही. वडील एका नव्या दुकानाच्या दारात वॉचमन झाले. मिलमधल्या कापसाच्या रुईने भरलेल्या छातीने खोकत खोकत ते गेले. माझ्यावर प्रार्थना नको, मला जाळा, असं सांगून गेले. आम्ही तसंच केलं. पण दर नोव्हेंबरला आई त्यांच्यासाठी त्या क्रुसापाशी जायची. विचारलं तर म्हणायची, "त्यांनी त्यांच्यावर नको म्हटलं होतं. मी माझ्यासाठी करते."

गेल्या वर्षी आईही गेली.

यंदा मी मेणबत्ती घेऊन त्या क्रुसापाशी गेलो. प्रार्थना मला पाठ आहे. पण ऐकणारा कुणी आहे यावर माझा काडीचाही विश्वास नाही, आणि आईच्या माणसांसाठी खोटं बोलवेना. मी तसाच परत आलो. आईचं म्हणणं खरं असेल, तर माझे आईवडील आणि तो शेजारी कुणाच्या तरी दोन शब्दांची वाट पाहत बसले आहेत, शेजाऱ्याची बायको कधीच गाव सोडून गेली, आणि त्यांच्यामागे इथे राहिलेला मी एकटाच, तोही मुका.

म्हणून तुमच्याकडे मागतो. तुमचा देव कुठलाही असो, विश्वास असेल तर आज दिवा लावताना या तिघांसाठी दोन शब्द म्हणा. त्यांचं पाप काय होतं ते विचारू नका. आणि मालकाला माझ्या वतीने माफ करू नका.