सेटवर कथा नको

फौजेतून रिटायर झाल्यावर मी साताऱ्याहून विदर्भात घाटंजीला आलो. कापसाच्या एका जिनिंगमध्ये सिक्युरिटी सुपरवायझरची जागा होती. ती मधुकररावांनी मिळवून दिली. ते तहसीलमध्ये हेडक्लार्क आणि आमच्या पलटणीतल्या कै. लान्स नायक गजाननचे थोरले भाऊ. कापसाची ती वाईट वर्षे होती. टपरीवर सकाळी आठला भाव, दुपारी बोंडअळी, संध्याकाळी पुन्हा भाव. तिथल्या शेतकऱ्यांचे बरोबरच होते, पण मला दुसरे काही बोलणारा माणूस हवा होता.

मला नकाशांचा नाद. पलटणीच्या लायब्ररीतले एकही पुस्तक मी सोडले नव्हते. एकदा टपरीवर मी नकाशात चढउतार कसा वाचतात ते सांगू लागलो. दोन मिनिटांत एकजण म्हणाला, "सुभेदार साहेब, तुमी तं रेडिओवानी बोलता. काहून एवढं डोकं लावून राह्यले?"

सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून मी चहा घ्यायचो आणि उठायचो. वर्षभर हेच चालले. डोके गंजत होते आणि सगळा राग या गावावर निघत होता. अडाणी गाव, असे मी मनात शंभरदा म्हटले असेल.

मग एका रविवारी मधुकररावांनी गजाननची पत्रे माझ्यापुढे ठेवली. एकात लिहिले होते, "दादा, इथे माझ्या बोलण्यावर सगळे हसतात. आता मी कामापुरतेच बोलतो."

पत्र हिमालयातल्या आमच्या पोस्टवरून लिहिलेले होते. हसणाऱ्यांत पहिला मी होतो.

गजानन बर्फाच्या नोंदी ठेवायचा. थर, वारा, पाय टाकल्यावर येणारा आवाज, सगळे एका वहीत. मेसमध्ये तो सांगू लागला की आम्ही त्याच्या वऱ्हाडी मले-तुलेची नक्कल करायचो. मी तेव्हा हवालदार होतो, पोस्टचा वायरलेस सेट माझ्याकडे.

त्या दिवशी सकाळी नऊला चार जणांचे पेट्रोल गस्तीला गेले. गजानन पेट्रोल लीडर. अकरा चाळीसला परतीच्या वाटेवरून त्याचा कॉल आला.

"साहेब, नाल्यावरचा बर्फ पोकळ वाटून राह्यला. मले वाटते..."

मी मध्येच तोडले. "गजानन, सेटवर कथा नको. टाइमात येणार की नाही? ओव्हर."

माझ्या शेजारी कोणीतरी हसले.

"येतो, साहेब. आउट."

बारा पाचला नाल्यावरच्या उताराचा बर्फ सुटला आणि चौघे गाडले गेले. तिघांना आम्ही जिवंत काढले. गजानन चार तासांनी सापडला. रिपोर्टमध्ये मी त्याचा शेवटचा मेसेज लिहिला, "येतो". आधीचे वाक्य लिहिले नाही. मधुकररावांनाही इतकी वर्षे तेवढेच सांगत आलो होतो.

त्या रविवारी बाकीचे सांगितले. मधुकररावांनी चष्मा काढला.

"मंग पुढं काय म्हणत होता तो?"

"मी बोलू दिलं नाही."

त्यांनी पत्रे गोळा केली. म्हणाले, "नोकरी करा, साहेब. माह्या घरी मात्र येऊ नका."

मी गेलो नाही. बर्फाच्या नोंदींची वही त्यांच्याकडेच आहे, ती मागायचे तोंड मला नाही. लान्स नायक गजानन, राहणार घाटंजी, वय पंचवीस. दरवर्षी त्या तारखेला अकरा चाळीसला मी जिनिंगच्या गेटवर सावधान उभा राहतो. बर्फावर, नकाशावर माझ्याशी तासन्‌तास बोलला असता, असा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. त्याला मी गप्प बसवले.